गाडीचं इंजिन काय सांगतं? ऊस वाहतुकीची नवी नोंदवही



ऊस पिकवणं हे निम्मं काम. तो वेळेवर गव्हाणीत पडणं हे उरलेलं निम्मं. सुरू असो, पूर्वहंगामी असो वा आडसाली, वर्ष-दीड वर्ष आपण लागण, पाणी, खत, भरणी सगळं जीव लावून करतो आणि शेवटच्या एका दिवसात, फडापासून काट्यापर्यंतच्या वाटेवर, त्यातलं काही हातचं घालवून बसतो. या पानांतून आम्ही नेहमी बेणं, खोडवा, हुमणी, ठिबक यांवर लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस वाहणाऱ्या गाडीच्या पोटात इंजिनाचा संगणक स्वतःच एक नोंद ठेवत असतो. ती वाचायची कशी, तिचा उपयोग काय आणि ती वाचण्याचा हक्क कोणाचा, याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

हंगामपूर्व सभांतून गटोगटी एकच प्रश्न विचारला गेला. "साहेब, गाड्यांना जीपीएस लावला म्हणता, मग माझा ऊस यार्डात रात्रभर का उभा राहिला?" प्रश्न रास्त आहे. जीपीएस लावल्याने गाडी कुठे आहे हे कळतं. ती का थांबली, हे त्यातून कळत नाही. ते कळायचं तर आणखी दोन नोंदी लागतात. एक गाडीच्या इंजिनाची आणि दुसरी आपल्या कारखान्याची. या तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तरच हिशेब लागतो, हे या लेखाचं सार आहे.

वाट पाहणं कोणाच्या खिशातून जातं?

आधी उसाचं पाहू. तोडलेला ऊस लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालू असतो, पाणी उडत असतं. उसात 'इन्व्हर्टेज' नावाचं एक विकर असतं. ते साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. या तुकड्यांचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जातात. शिवाय तोडलेल्या टोकांतून जंतू शिरतात, रस चिकट होतो आणि पुढे साखर करताना त्रास देतो. जळीत उसात हे सगळं आणखी वेगाने होतं. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळप हा शेती विभागाचा जुनाच आग्रह आहे.

आता हिशेब बघा. काट्यावर चढण्याआधी गाडी थांबली तर जे वजन उडालं ते सभासदाच्या बिलातून गेलं. काट्यानंतर थांबली तर नुकसान साखरेच्या उताऱ्यात दिसतं. उतारा घसरला म्हणजे पुन्हा सगळ्या सभासदांच्या दरावर आलं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. समजा, वीस टनांची एक खेप रांगेत उभी राहून एक टक्का सुकली. दोनशे किलो गेले, म्हणजे ढोबळ मानाने ७१० रुपये. एका खेपेचे! हे उदाहरणादाखल मांडलेलं गणित आहे. ऊन, वारा, जात आणि तोडीचा दर्जा यांप्रमाणे आकडा कमीजास्त होईल. पण पैसे कोणत्या वाटेने जातात ते यातून समजावं.

डिझेलचंही तसंच आहे. समजा, एका गाडीचं इंजिन रांगेत रोज दोन तास नुसतं गुरगुरत राहिलं आणि तासाला दीड लिटर जळलं. दिवसाला तीन लिटर, १२० दिवसांच्या हंगामात ३६० लिटर. अशा दोनशे गाड्या धरल्या तर ७२ हजार लिटर. हा खर्च पहिल्यांदा वाहनमालक भरतो. पण पुढच्या हंगामात तो वाहतुकीचा दर वाढवून मागतो आणि त्याचंही चुकत नाही. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसदरातून वजा होतो. म्हणजे रांगेत जळालेलं डिझेल फिरून सभासदाच्याच बिलावर येतं. थोडक्यात काय, वाहन कोणाचंही असो, थांबणुकीची पावती आपल्या नावावर फाटते.

जीपीएसला काय कळतं, काय कळत नाही

जीपीएसची पेटी आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकते. किमान चार उपग्रह नजरेत आले की ती आपली जागा आणि वेळ काढते. पेटीत मोबाईलसारखं सिमकार्ड असतं, त्यावरून ही माहिती कारखान्याच्या संगणकावर जाते. शिवारात रेंज नसेल तर चांगली पेटी नोंद साठवून ठेवते आणि रेंज मिळाली की पाठवते. गाडी फडात कधी पोचली, कधी निघाली, कोणत्या रस्त्याने आली, वाटेत कुठे थांबली हे सगळं यातून दिसतं. चिटबॉयच्या चिठ्ठीवरची वेळ आणि खरी वेळ यांचा मेळ घालायला एवढंही पुष्कळ उपयोगी पडतं.

पण पेटीच्या दृष्टीने 'थांबलेली गाडी' एकच. चालक चहाला गेला, टायर पंक्चर झाला, इंजिन गरम झालं, पुढे रांग आहे किंवा गव्हाण बंद आहे, तिला सगळं सारखंच. काही पेट्यांना किल्लीची तार जोडलेली असते, त्यामुळे 'इग्निशन चालू' अशी नोंद येते. तिच्यावरही फार विसंबता येत नाही. रात्री थंडीत केबिनमध्ये गाणी लावायला चालकाने किल्ली नुसती फिरवून ठेवली, तरी ती नोंद 'चालू' म्हणते आणि त्या वेळी इंजिन थंडगार असतं. अशा नोंदीवरून कोणाचं डिझेल कापायला गेलं तर भांडण ठरलेलं.

ही माहिती गाडीबाहेर शोधण्याची गरज नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातली ही गत. नव्या गाडीचं इंजिन किती फेऱ्यांनी फिरतंय, किती डिझेल घेतंय, पाणी किती तापलंय, ऑईलचा दाब किती आहे, हे त्या गाडीच्याच संगणकाला क्षणाक्षणाला माहीत असतं.

इंजिनाची बोली

पूर्वीच्या डिझेल इंजिनात पंप यांत्रिक होता. मिस्त्री कान लावून दुखणं सांगायचा. आता नव्या इंजिनात डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनाच्या अंगावर जागोजागी बसवलेले सेन्सर त्याला माहिती देतात. ब्रेकचा संगणक वेगळा, डॅशबोर्डचा वेगळा. ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलणार कशी? प्रत्येकाला प्रत्येकाकडे तार ओढायची तर गाडीत तारांचं जाळंच होईल. म्हणून पीळ घातलेल्या दोन तारांची एक सामाईक वाट काढली गेली. तिला 'कॅन' म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीत १९८३ साली यावर काम सुरू झालं आणि १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉईटच्या अभियंत्यांच्या परिषदेत ही पद्धत मांडली गेली. गावच्या चावडीसारखं समजा. ज्याला सांगायचं आहे तो मोठ्याने सांगतो, ज्याला त्यातलं कामाचं वाटतं तो ऐकून घेतो. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा त्याला आधी वाट मिळते.

या वाटेवर बाहेरून कान लावण्यासाठी गाडीत एक सॉकेट असतं, त्याला डायग्नोस्टिक सॉकेट म्हणतात. शोरूमचा मेकॅनिक लॅपटॉप जोडतो ते हेच. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारी आणि हलक्या ट्रकांना एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. मूळ हेतू धुराचं प्रदूषण तपासण्याचा होता. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ही प्रदूषणाची पायरी लागू झाली. तेव्हापासूनच्या नव्या ट्रकांत इंजिनाने स्वतःची तपासणी स्वतः करणं आलंच.

जड वाहनांसाठी 'जे १९३९' नावाची एक ठरलेली बोली आहे. अमेरिकेच्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ती लिहून ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे. इंजिनाच्या फेऱ्यांना १९०, ऑईलच्या दाबाला १००, पाण्याच्या तापमानाला ११०, इंजिनाच्या एकूण तासांना २४७, आजवर जळालेल्या एकूण इंधनाला २५०. शेतीच्या ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी असलेली 'आयसोबस' ही बोलीही याच घराण्यातली.

वाचायला ती अवघड नाही. फेऱ्यांचा आकडा तारेवरून ६४०० असा आला तर त्याला आठाने भागायचं, ८०० फेऱ्या. पाण्याचा आकडा १३० आला तर ४० वजा करायचे, ९० अंश. इंधनाचा आकडा अर्ध्या अर्ध्या लिटरने पुढे सरकतो. आपण काट्यावर भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतो, तितकंच हे सरळ आहे. कोणत्या आकड्याला काय करायचं एवढा तक्ता हाताशी हवा.

दुखण्यालाही क्रमांक आहे. ऑईल दाबाचा १०० हा क्रमांक आणि त्यासोबत १ ही खूण आली तर दाब धोक्याच्या पातळीखाली गेला, गाडी लगेच उभी करा, असा अर्थ. ही खूण चालकाला डॅशबोर्डवर दिव्याच्या रूपात दिसते. पेटीतून ती त्याच वेळी वाहनमालकाच्या मोबाईलवर जाऊ शकते. भरलेली गाडी आडरानात बंद पडण्याआधी मिळालेला अर्धा तास काय किमतीचा असतो, ते ज्याचा ऊस त्या गाडीत आहे त्याला विचारा.

सगळ्या गाड्या सारख्या नाहीत

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पेट्या विकायला येणारे लोक ती सांगत नाहीत. आपल्या कारखान्यावर ऊस आणणारी वाहनं नाना तऱ्हेची आहेत.

बीएस-६ चा ट्रक असेल तर वरची बहुतेक माहिती मिळू शकते. सॉकेट सोळा पिनांचं की नऊ पिनांचं हे कंपनी आणि मॉडेल पाहून ठरतं. काही कंपन्या सॉकेटवर सगळे आकडे मोकळे ठेवत नाहीत, मधे एक दार घालतात आणि त्याची किल्ली स्वतःकडे ठेवतात. त्यासाठी कंपनीची परवानगी किंवा तिची स्वतःची सेवा घ्यावी लागते.

जुना, यांत्रिक पंपाचा ट्रक असेल तर त्याच्यात कॅनची वाटच नाही. तिथे जीपीएस, इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारी डायनामोची तार आणि फार तर टाकीत सोडायची मापकांडी, एवढ्यावरच भागवावं लागेल.

ट्रॅक्टरचं तसंच. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाची कडक पायरी लागू झाली आणि त्यांत संगणकाचं इंजिन येऊ लागलं. आपल्या सभासदांचे आणि वाहतूकदारांचे जुने किंवा लहान ट्रॅक्टर बहुतेक यांत्रिक पंपाचे आहेत. त्यांना 'इंजिनाची संपूर्ण माहिती' देणारी पेटी कोणी विकू लागला तर त्याला आधी ट्रॅक्टर दाखवा आणि मग भाव विचारा. बैलगाडीला तर पेटीचा प्रश्नच नाही. तिथे चिठ्ठीवरची तोडीची वेळ प्रामाणिकपणे लिहिणं हीच नोंद आणि तीही कमी मोलाची नाही.

नोंद वाचली तर काय दिसतं

एखाद्या बीएस-६ ट्रकची दोन्ही पानं शेजारी ठेवली की फरक ध्यानात येतो. जीपीएसचं पान म्हणतं, गाडी रात्री नऊ ते एक यार्डात होती. इंजिनाचं पान म्हणतं, या चार तासांत इंजिन बराच वेळ कमी फेऱ्यांवर चालूच होतं. दर काही मिनिटांनी फेऱ्या जरा चढतात, गाडी एक लांबीभर सरकते, पुन्हा खाली. म्हणजे चालक आळशी नव्हता की झोपला नव्हता. रांग पुढे सरकली आणि आपण सरकलो नाही तर मागचा पुढे घुसेल, या धास्तीने त्याने इंजिन बंदच केलं नाही.

बीएस-६ गाडीला याचा दुहेरी फटका बसतो. धुराच्या नळीत काजळी धरून ठेवणारी एक गाळणी असते. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं तर धूर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि गाळणी तुंबत जाते. बहुतेक जड गाड्यांत युरियाचं द्रावणही लागतं. ते संपलं किंवा हलक्या दर्जाचं भरलं तर संगणक इंजिनाची ताकद उतरवतो. भरलेली गाडी चढावर दमली की चालकाला वाटतं इंजिन गेलं. गॅरेजचा शोध सुरू होतो आणि ऊस ट्रॉलीत वाळत राहतो. नोंद वाचणारं कोणी असेल तर हे दुखणं दोन दिवस आधी कळतं आणि द्रावणाच्या एका कॅनवर निभावतं.

डिझेलच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. संगणक सांगतो ते इंधन त्याने इंजिनात किती सोडलं यावरून काढलेलं असतं, टाकीत माप घालून नव्हे. म्हणून पंपावरच्या पावतीशी ते तंतोतंत जुळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला टाकी काठोकाठ भरून चार-सहा खेपा कराव्यात, पुन्हा काठोकाठ भरून दोन्ही आकड्यांतला फरक लिहून ठेवावा. पुढे तो फरक धरूनच हिशेब करावा. फरक एकाएकी वाढला तर टाकी, नळी आणि पावती तिन्ही तपासावीत. लगेच चालकावर चोरीचा आळ घेऊ नये.

रोग रेड्याला, औषध पखालीला

आता मुख्य मुद्द्यावर येतो. एका चालकाने आम्हाला ऐकवलं ते जसंच्या तसं देतो. "साहेब, पेटी खुशाल लावा. पण गव्हाण तुमची बंद पडल्यावर माझी गाडी उभी राहते, ते माझ्या नावावर लिहू नका."

या एका वाक्यात सगळं आलं. गाडीची नोंद ठेवायची आणि गव्हाणीची ठेवायची नाही, असा प्रकार झाला तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गिरणीची थांबणूक, काट्याची बिघाडी, रिकाम्या करणाऱ्या क्रेनची वेळ, एकाच पाळीत ठरल्यापेक्षा जास्त टोळ्यांना दिलेली तोड, या सगळ्यांनी रांग वाढते. यांतल्या प्रत्येकाची वेळ लिहिली गेली पाहिजे आणि ती गाडीच्या वेळेशेजारी ठेवली पाहिजे. मग रांगेतल्या चार तासांतला किती वेळ चालकाचा, किती यार्डाचा, किती तोडणी कार्यक्रमाचा, हे दिसेल. तोडणी कार्यक्रमाचा वाटा निघाला तर तो आमच्याच शेती विभागाचा, हेही इथेच लिहून ठेवतो.

रांगेवरचा उपाय तर दंडाहून स्वस्त आहे. गाडी यार्डात आली की तिला क्रमांक द्यावा, दहा-दहा गाड्यांच्या तुकड्या कराव्यात, आपल्या तुकडीचा पुकारा होईपर्यंत इंजिन बंद ठेवून चालकाने विसावा घ्यावा. नंबर जाणार नाही अशी खात्री पटली की इंजिन आपोआप बंद होतं. त्याला नोटीस लागत नाही. आणि वाटेत किती भरलेल्या गाड्या आहेत हे जीपीएसवरून दिसत असेल तर पुढच्या पाळीची तोड तेवढीच द्यावी. ऊस उभा असताना खराब होत नाही, आडवा झाल्यावर होतो.

नोंद कोणाची?

गाडी वाहनमालकाची. ऊस सभासदाचा. करार कारखान्याचा. पेटी तिसऱ्याच कंपनीची. इंजिनाचा संगणक चौथ्या कंपनीचा. मग त्यातून निघालेली नोंद कोणाच्या मालकीची? हा प्रश्न आपल्याच पुढे आहे असं समजू नका. जगभर हा वाद चालू आहे.

युरोपातल्या सहा मोठ्या ट्रक कंपन्यांनी २००२ साली एकत्र येऊन 'एफएमएस' नावाचं मानक ठरवलं. ट्रकच्या आतल्या वाटेवर कोणीही तार जोडू नये म्हणून त्यांनी वाहतूकदारांसाठी ठरावीक आकड्यांची वेगळी खिडकी दिली. एकाच वाहतूकदाराकडे चार कंपन्यांचे ट्रक असले तरी एका पेटीने काम व्हावं, ही त्यातली सोय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये कौल दिला की गाडीतून बिनतारी जाणारी यांत्रिक माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला मिळाली पाहिजे. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्याला आपलं यंत्र स्वतः दुरुस्त करता यावं म्हणून कायदा केला. त्यामुळे ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रांच्या कंपन्यांवर माहिती आणि साधनं देण्याचं बंधन आलं. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जो यंत्र वापरतो त्याला त्या यंत्रातून निघालेली माहिती मागण्याचा हक्क त्याने दिला. या सर्वांचा रोख एकच. यंत्र ज्याने विकत घेतलं, त्याच्यापासून यंत्राची नोंद लपवू नये.

आपल्याकडे संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. चालक हाही माणूस आहे. तो रात्री कुठे थांबला, घरी कधी गेला ही त्याची खाजगी बाब आहे. उसाची खेप चालू असताना नोंद ठेवणं वेगळं आणि हंगाम संपल्यावर त्याच्या मागे लागणं वेगळं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपन्या दार लावून ठेवतात त्याला नुसता धंदा हे कारण नाही. २०१५ साली अमेरिकेत दोन तज्ज्ञांनी दूरवर बसून एका चालत्या मोटारीचा ताबा घेऊन दाखवला. त्यानंतर चौदा लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणून आपली पेटी फक्त ऐकणारी हवी. इंजिनाला हुकूम देणारी, दुरून गाडी बंद पाडणारी पेटी ऊसगाडीला नको. वीस टन ऊस भरलेली गाडी उतारावर असताना तिचं इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

करारात काय असावं

वाहतूक करारात पुढील गोष्टी लेखी असाव्यात, अशी शेती विभागाची सूचना आहे. वाहनमालक सभासदांनीही त्या आग्रहाने मागाव्यात.

१. पेटी कोणते आकडे घेणार याची यादी करारालाच जोडावी. यादीबाहेरचा आकडा घेऊ नये.

२. जी नोंद कारखान्याला दिसते ती वाहनमालकाला त्याच वेळी दिसावी. सभासदाला आपल्या खेपेपुरत्या वेळा, म्हणजे तोड, भरणी, यार्ड, काटा आणि गव्हाण, वजनाच्या पावतीसोबत मिळाव्यात.

३. थांबणुकीबद्दल कपात करायची असेल तर त्या वेळेची गव्हाणीची आणि काट्याची नोंद सोबत दाखवावी. ती नसेल तर कपात नाही.

४. पेटीचं घड्याळ आणि काट्याच्या संगणकाचं घड्याळ जुळवून घ्यावं. उपग्रहावरून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. हे न जुळवता काढलेली थांबणूक निव्वळ कागदावरची असते.

५. पेटी बसवताना गाडीच्या तारा तोडू नयेत. सॉकेटमध्ये जोडणारी किंवा तारेवर नुसती चिमट्यासारखी बसून ऐकणारी पेटी मिळते. तार सोलली आणि पुढे वायरिंग जळालं तर गाडीची वॉरंटी अडचणीत येते.

६. हंगाम संपला की पेटी काढावी किंवा झोपवावी. बंद गाडीतही ती थोडी थोडी वीज ओढते. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, मग मालक पेटीला शिव्या देतो.

७. पेटीवाल्या कंपनीचा करार संपला तर मागची सगळी नोंद वाचता येईल अशा साध्या फाईलमध्ये परत मिळावी. दुसरी कंपनी आली की पाटी कोरी, असं होऊ नये.

सहकारात काट्यावर विश्वास बसायला काय काय करावं लागलं हे जुन्या सभासदांना आठवत असेल. सभासदाला आकडा समोर दिसावा, पावती हातात पडावी, शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करून पाहता यावं, या आग्रहातून तो विश्वास बसला. इंजिनाची नोंद हाही एक काटाच आहे. ती शेती विभागाच्या एका खोलीत पडद्यावर लुकलुकत राहिली तर तिचा धाकच वाढेल. वाहनमालक, चालक, सभासद आणि कारखाना या चौघांना तीच नोंद दिसली तर रांग कुठे अडते ते लपणार नाही.

सभासदांकडून आमची मागणी छोटी आहे. येत्या हंगामात आपल्या उसाच्या प्रत्येक खेपेची तोड कधी सुरू झाली आणि गाडी फडातून कधी हलली, या दोन वेळा चिठ्ठीच्या मागे स्वतःच्या हाताने लिहा आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. पेटी असो वा नसो, या दोन वेळा फडात उभं राहून तुम्हीच खात्रीने लिहू शकता. गट ऑफिसात त्या आणून दिल्या तर आम्ही त्यांची काट्याच्या आणि गव्हाणीच्या वेळांशी पडताळणी करून गटनिहाय तक्ता याच पानावर छापू. कोणत्या गटात ऊस किती तास आडवा पडून राहतो, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर येऊ द्या.